आधण

शाळेच्या दारातच, निळ्या अक्षरांत,
भिंतभर रंगवलंय:
प्रश्नांतून शिकू. सगळ्यांना सोबत घेऊ. जगाकडे बघू.
खाली ओल्या छत्र्यांची बादली.
हडर्सफील्डमध्ये ती वर्षाचे दहा महिने भरलेलीच.

मी लॅब टेक्निशियन. शिकवत नाही.
चंचुपात्रं धुते, गुंतलेल्या तारा सोडवते,
उद्या कुणाला काय लागेल ते ट्रॉलीवर मांडून घरी जाते.
पूर्वी चिठ्ठी यायची: तीस परीक्षानळ्या, तीस पट्ट्या.
उत्तरही तीस जणांचं एकच.
नव्या मुख्याध्यापिका आल्या, आणि परवाची चिठ्ठी एवढीच:
एक किटली. बाकी मुलं ठरवतील.

हसू आलं. स्टाफरूममधली दिली, झाकण सैल झालेली.

मिस अ‍ॅक्रॉइडनी बटण दाबलं नि गप्प उभ्या राहिल्या.
शिक्षकाला गप्प राहणं किती जड जातं
ते त्यांच्या मानेवरच्या लाल डागांवरून कळत होतं.

पाणी आधी कुजबुजलं, मग सणसणलं,
मग खोलीभर झालं.
"शुमी," कात्स्पेर म्हणाला, पोलिश घरातला शब्द.
सेमहारनं तिचा सांगितला, तो मला नीट पकडता आला नाही.
जोएल सटक्लिफ म्हणाला, आमच्याकडे फक्त "चहा टाक" म्हणतात.
मी दारात, ट्रॉली धरून. माझा शब्द जिभेवर होता,
तो गिळला.

कराडला, सहावीत, मी उठून विचारलं होतं:
बाई, उकळायच्या आधी पाणी एवढं ओरडतं,
मग आधण आलं की आवाज का बसतो?
अगाऊपणा पुरे, बाई म्हणाल्या,
धड्याखालचे प्रश्न सोडव.
मी खाली बसले.
बरीच वर्षं बसले.

इफ्फतला ऐकू येत नाही.
तिनं तळवा टेबलावर सपाट ठेवला होता, किटलीपासून वीतभर दूर.
एकाएकी दुसरा हात वर.
खुणांचा दुभाषा कॉलम म्हणाला, "ती म्हणतेय, थांबलं."
अजून उकळलंच नाही! मुलं ओरडली.
"ती म्हणतेय, टेबलातलं थरथरणं थांबलं. आता उकळेल."

उकळलं.

मग सहा वेळा पाणी बदललं.
सगळ्यांचे तळवे टेबलावर, डोळे मिटलेले,
सेमहारकडे घड्याळ.
घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.
जोएल उठला, पण त्याची बस होती.

गुरुवारी काचेचं पात्र मागितलं. आत दिसलं ते असं:
बुडाशी फुगे धरतात, वर निघतात,
वरचं पाणी अजून गार, त्यात मिटून जातात.
"जे वर पोचत नाहीत, आवाज त्यांचा,"
सेमहारनं फळ्यावर लिहिलं.
मिस अ‍ॅक्रॉइडनी फक्त स्पेलिंग सुधारलं.

याला खूण नव्हती. इफ्फतनं केली:
एक हात वर, छपरासारखा आडवा,
खालून बोटं उमलत निघतात
आणि छपराला टेकण्याआधीच मूठ.
वर्गानं केली, वेडीवाकडी.
जोएलचा अंगठा तिनं स्वतः नीट बसवला.

मग माझ्याकडे वळून: तुमचा शब्द?
"आधण."
कॉलमला इंग्रजी अक्षरांत "ध" मावेना.
पुन्हा म्हणा, तिनं खुणावलं, माझ्या गळ्याकडे बघत.
पुन्हा म्हटलं.
तिनं मान हलवली. कळलं की सोडून दिलं,
ठाऊक नाही.

दारातल्या भिंतीचा रंग ओलीनं सुटतोय,
"सगळ्यांना"चा शेवट फुगलाय.
रंगारी ईस्टरनंतर येणार.

रात्री चहाला पाणी ठेवलं आणि ओट्यावर तळवा टेकला.
काय ऐकतेस, नवऱ्यानं विचारलं.
थांब, म्हटलं.
अजून ओटा थरथरत होता.